बिटकॉइन नेमके किती हरवले? – प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर २०२५

नोड (म्हणजे बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्प्युटर) पूर्ण सिंक झाला, प्रुनिंग म्हणजे जुने ब्लॉक पुसणं न करता, पहिल्या ब्लॉकपासून व्यवहारांचा सगळा इतिहास जवळ आहे. आता कामाला लागता येईल. प्रश्न एका ओळीचा आहे: आजवर जे १ कोटी ९९ लाखांवर बिटकॉइन निघालेत त्यातले किती आता कुणालाच, कधीच खर्च करता येणार नाहीत?

जिथे तिथे जे आकडे फिरतात ते बहुतेक चेनॅलिसिस या क्रिप्टो विश्लेषण कंपनीचे. २०१७ साली त्यांनी २७.८ लाख ते ३७.९ लाख अशी रेंज दिली होती, २०२० मध्ये ३७ लाख म्हणाले, आणि तेव्हाचा निकष ढोबळमानाने असा की पाच वर्षं किंवा जास्त काळ जे हललेच नाहीत ते गेले. तेव्हापासून जो तो तोच आकडा उचलतोय आणि त्यावर टंचाईचं गणित मांडतोय. अंदाज म्हणून तो वाईट नाहीये पण तो जसा पुढे पुढे जातो तसा त्याच्यामागचा निकष गळून पडतो आणि नुसता आकडा उरतो, हे मला खरंच खटकतं.

मूळ अडचण अशी की चेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या वहीत, "हरवलं" अशी नोंद कुठेच नसते. चेनला एवढंच माहीत, अमुक आउटपुट (एखाद्या व्यवहारात कुणाला तरी मिळालेली रक्कम) खर्च झाला की नाही. ज्याचा पासवर्ड गेला तो, जो वारला तो, जो जेलमध्ये आहे तो आणि जो मुद्दाम हात बांधून बसलाय तो, हे चौघंही चेनवर डिट्टो सारखे दिसतात. म्हणून एकच आकडा काढण्यापेक्षा प्रत्येक आउटपुटला लेबल लावायचं ठरवलंय: गणिताने सिद्ध, मालकाच्या सांगण्यावरून, आणि नुसतं शांत. हे तीन ढीग एकमेकांत मिसळायचे नाहीत.

९ सप्टेंबर

पहिला ढीग, गणिताने सिद्ध. यात वादाला जागाच नाही म्हणून इथून सुरुवात.

जेनेसिस ब्लॉक, ३ जानेवारी २००९, त्याचे ५० बीटीसी (म्हणजे बिटकॉइन). पहिल्याच ब्लॉकचा व्यवहार सॉफ्टवेअर आपल्या डेटाबेसमध्ये घेतच नाही त्यामुळे ते ५० कधीच खर्च होऊ शकत नाहीत, चावी (खर्चासाठी लागणारा गुप्त आकडा) बिटकॉइनचा निर्माता सातोशीकडे असली तरी. मुद्दाम केलं की राहून गेलं कोण जाणे.

मग नोव्हेंबर २०१० मधले जुळे व्यवहार. ब्लॉक ९१८४२ चा कॉइनबेस व्यवहार (ब्लॉक काढणाऱ्या मायनरला बक्षीस देणारा) हुबेहूब ९१८१२ सारखा आणि ९१८८० चा ९१७२२ सारखा, त्यामुळे त्यांची आयडीही तीच आली आणि नव्या नोंदीने जुनी नोंद पुसली. प्रत्येकी ५०, म्हणजे १०० बीटीसी हवेत. पुढे बिप ३० आणि बिप ३४ या नियमबदलांनी हे भोक बुजवलं.

तिसरा प्रकार म्हणजे मायनरने बक्षीस कमी उचललं. ३० डिसेंबर २०१७ च्या ब्लॉक ५०१७२६ मध्ये १२.५ बीटीसीचं बक्षीस कुणी घेतलंच नाही, शून्य लिहिलंय. २०१८ मध्ये ५२६५९१ ला निम्मंच घेतलं, ६.२५ गेले. आणि २०११ मध्ये १२४७२४ ला एका मायनरने ठरवून एक सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) कमी घेतला होता, गायब झालेल्या सातोशीच्या आठवणीत.

चौथा, ओपी रिटर्न. असा आउटपुट कुठल्याच सहीने उघडत नाही, लोक त्यात डेटा लिहितात आणि कधी कधी सोबत पैसेही जातात.

चांगली गोष्ट म्हणजे हे सगळं बिटकॉइन कोअर, म्हणजे नोडचं मुख्य सॉफ्टवेअर, स्वतः मोजतं. नाण्यांच्या आकडेवारीचा इंडेक्स चालू ठेवला तर कमांड प्रत्येक ब्लॉकचा हिशोब वेगवेगळ्या कारणांखाली देते. एकूण भरतं दोनशेच्या थोडं वर. म्हणजे जगभर लाखांच्या गप्पा आणि प्रोटोकॉल स्वतः ज्याची खात्री देतो ते दोनशे-सव्वादोनशे.

१३ सप्टेंबर

आज सगळा वेळ एका स्क्रिप्टवर (आउटपुट कसा खर्च होईल याची कोडमधली अट) गेला, पण गेला ते बरं झालं.

ऑक्टोबर २०११ मध्ये माउंट गॉक्स या एक्सचेंजने आपल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे २६०९ बीटीसी अशा आउटपुटमध्ये पाठवले जे उघडूच शकत नाहीत. ब्लॉक १५०९५१. मी तो ब्लॉक काढून एकेक आउटपुट डोळ्यांनी वाचला. नेहमीच्या स्क्रिप्टचा क्रम असा असतो: सार्वजनिक चावीची कॉपी कर, तिचा हॅश (गणिती ठसा) काढ, तो इथे लिहिलेल्या २० बाइटच्या हॅशशी जुळतो का बघ, मग सही तपास. इथे २० बाइटच्या जागी काहीच नाही, रिकामं. पूर्ण स्क्रिप्ट पाच बाइटची. म्हणजे ती म्हणते, तुझ्या चावीचा हॅश काढ आणि तो रिकाम्या जागेशी जुळव. हॅश कायम २० बाइटचाच येणार, तो रिकाम्याशी कधीच जुळणार नाही. जगातली कुठलीही चावी आणली तरी नाही, माउंट गॉक्सची स्वतःची सुद्धा नाही.

आता गंमत बघा, कोअरच्या हिशोबात हे २६०९ अजून जिवंत आहेत! कारण कोअर फक्त दोनच गोष्टी "खर्च न होण्यासारख्या" धरतं, ओपी रिटर्नने सुरू होणारी स्क्रिप्ट आणि मर्यादेबाहेर लांब स्क्रिप्ट. ही तशी नाही म्हणून ती यादीत तशीच बसलीय. म्हणजे पहिल्या ढिगातसुद्धा मशीनवर सगळं सोडता येत नाही, प्रत्येक विचित्र स्क्रिप्ट माणसाने वाचूनच ठरवावी लागते. मी विचित्र स्क्रिप्टची वेगळी यादी काढलीय, ती हळूहळू वाचतोय.

१५ सप्टेंबर

बर्न ॲड्रेस, म्हणजे जिथून पैसे कधी परत निघू नयेत म्हणून बनवलेले. ज्या ॲड्रेसमध्येच "बिटकॉइन ईटर, पाठवू नका" असं लिहिलंय त्यात तेरा-एक बीटीसी, आणि काउंटरपार्टी या प्रकल्पाने जानेवारी २०१४ मध्ये आपलं टोकन वाटण्यासाठी ज्या ॲड्रेसवर लोकांना बीटीसी जाळायला सांगितले तिथे २१०० च्या वर. हे कडक अर्थाने सिद्ध नाहीत, २ च्या १६० व्या घाताएवढ्या शक्यतांमधून कुणाला चावी सापडली तर उघडतील, पण एवढी वाचनीय अक्षरं ॲड्रेसमध्ये येतात तेव्हा ॲड्रेस आधी लिहिलाय आणि चावी कधी नव्हतीच हे उघड आहे. पहिल्याच ढिगात टाकले, लेबलमध्ये शेरा मारून.

पहिला ढीग एकूण: पाच हजारांच्या आसपास. बस्स.

२१ सप्टेंबर

दुसरा ढीग, मालकाने स्वतः सांगितलेलं. इथे मन लावून वाचावं लागतं कारण प्रत्येक केसमागे माणूस आहे.

जेम्स हॉवेल्सची केस सगळ्यांना माहीत, वेल्समधलं न्यूपोर्ट, २०१३ मध्ये हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, जवळपास ८००० बीटीसी, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. प्रोग्रामर स्टेफन थॉमसचे ७००२ बीटीसी आयर्नकी नावाच्या पासवर्डबंद ड्राइव्हमध्ये, दहा चुकीच्या पासवर्डनंतर ती स्वतःला कायमची लॉक करते आणि जानेवारी २०२१ मध्ये बातमी आली तेव्हा आठ वापरून झाले होते.

पण मला सगळ्यात शिकवून गेली ती ऑगस्ट २०१० ची केस. एका माणसाने ९००० बीटीसी घेतले, सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सवर वॉलेट ठेवलं, पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला, सगळं नीट. मग नुसतं बघावं म्हणून १ बीटीसी स्वतःच्याच दुसऱ्या ॲड्रेसवर पाठवला. बिटकॉइनमध्ये आउटपुट पूर्णच खर्च होतो, उरलेले सुट्टे म्हणून परत येतात, आणि ते ८९९९ परत आले ते वॉलेटने गुपचूप बनवलेल्या नव्या चावीवर. बॅकअप त्याआधीचा. सीडीवरची सिस्टम बंद केली की मेमरीतलं सगळं पुसलं. संपलं. त्याने निष्काळजीपणा केला असं कसं म्हणणार, उलट त्याने बॅकअप घेतला होता! त्यानंतर लवकरच आधीच शंभर चाव्या बनवून ठेवायची सोय आली, २०१२ मध्ये एका बीजातून सगळ्या चाव्या काढायची पद्धत लिहिली गेली, २०१३ मध्ये शब्दांची सीड फ्रेज. पण कोअरमध्ये एका बीजावरचं वॉलेट यायला २०१६ उजाडलं. म्हणजे २०१६ पर्यंत कोअर वापरणाऱ्याचा जुना बॅकअप शंभर चाव्या संपल्या की निरुपयोगी व्हायचा, आणि त्याला ते कळायचंही नाही.

हे मॉडेलमध्ये घ्यायलाच हवं. हरवण्याचा दर सगळ्या वर्षांना सारखा धरणं चूक, तो वॉलेटच्या पिढीवर अवलंबून आहे.

उलटी केसही नोंदवतो. २०२४ मध्ये जाहीर झालं की हार्डवेअर हॅकर जो ग्रँड आणि त्याच्या जोडीदाराने एकाचे ४३.६ बीटीसी सोडवून दिले. २०१३ चा वीस अक्षरी पासवर्ड, पण तो बनवणारं प्रोग्रामचं जुनं व्हर्जन कॉम्प्युटरच्या घड्याळावर अवलंबून होतं, वेळ मागे नेली की तेच पासवर्ड पुन्हा निघत होते. मालकाने "गेले" म्हटलं म्हणजे गेलेच असं नाही. म्हणून दुसऱ्या ढिगाला मी "कायमचे" म्हणत नाहीये, "मालकाच्या मते हरवलेले" एवढंच.

२८ सप्टेंबर

तिसरा ढीग. इथेच सगळे लाख आहेत आणि इथेच सगळा घोळ आहे.

खर्च न झालेल्या सगळ्या आउटपुटची यादी फाइलमध्ये उतरवली, १७ कोटींच्या आसपास ओळी. प्रत्येक ओळीत रक्कम, स्क्रिप्ट, ब्लॉकची उंची आणि तो थेट मायनिंगमधून आलाय का याचा एक बिट. कोअरच्या सोर्ससोबत पायथनची स्क्रिप्ट येते, तिने सगळं एसक्यूलाइटमध्ये भरलं, क्वेरी आता पटापट चालतात. एक मात्र आहे, संख्येने बघाल तर अर्ध्याअधिक ओळी चिल्लर आहेत, इतकी बारीक रक्कम की हलवायची फीच जास्त पडेल, पण किमतीत ती काहीच नाही म्हणून बाजूला ठेवली.

पाच वर्षांचा निकष लावून बघितला आणि मग त्याला माहीत असलेल्या केसेसनी ठोकून बघितलं. फेब्रुवारी २००९ चे ५० बीटीसी २० मे २०२० ला हलले, अकरा वर्षांनी. सिल्क रोड या बेकायदा ऑनलाइन बाजाराशी जोडलेले ६९,३७० नोव्हेंबर २०२० मध्ये. जुलै २०२५ मध्ये तर २०११ पासून झोपलेले ८०,००० बीटीसी आठ वॉलेटमधून उठले आणि गॅलेक्सी डिजिटल कंपनीमार्फत विकले गेले. एकच मालक, चौदा वर्षं गप्प, आणि निकषाप्रमाणे तो केव्हाच "हरवलेला" होता.

क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या एक्सचेंजचंही बघा. संस्थापक गेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये वारला, चाव्या त्याच्याबरोबर गेल्या असं सांगितलं गेलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीकडून १०३ बीटीसी चुकून त्याच बंद वॉलेटमध्ये गेले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथून १०४ हलले.

उलट्या बाजूनेही निकष फसतो. जानेवारी २०२४ मध्ये कुणीतरी जेनेसिसच्या ॲड्रेसवर २६.९ बीटीसी पाठवले. वयाने ते तरुण, निकषाप्रमाणे ठणठणीत जिवंत. व्यवहारात सातोशीच्या तिजोरीत टाकलेले.

म्हणजे वय हा पुरावाच नाही, तो फार तर संशय.

५ ऑक्टोबर

आज ज्याची सगळ्यात उत्सुकता होती ते केलं. बिटकॉइन कॅशचा (बीसीएच, बिटकॉइनमधून फुटून निघालेली चेन) नोड पण चालवला.

कल्पना साधी आहे. १ ऑगस्ट २०१७ ला चेन फुटली, ब्लॉक ४७८५५८ हा शेवटचा सामाईक. त्याआधी ज्याच्याकडे बीटीसी होते त्याला त्याच चावीने तितकेच बीसीएच मिळाले. खूप जण बीटीसीला हात न लावता बीसीएच विकून मोकळे झाले. म्हणजे त्या ब्लॉकआधीचा एखादा आउटपुट बीटीसीवर अजून गप्प आहे पण बीसीएचवर खर्च झालाय, तर २०१७ नंतर कधीतरी चावी कुणाच्या तरी हातात होती. जिवंत! बीटीसीची चेन कितीही वेळ बघत बसलात तरी हे दिसणार नाही. गंमत म्हणजे जुलैमधल्या त्या ८०,००० वाल्या मालकाने पण बीटीसी हलवायच्या थोडं आधी एका वॉलेटमधून बीसीएच हलवून बघितला होता.

एक खबरदारी: बीसीएचवर सेगविट (बीटीसीतला सह्या वेगळ्या ठेवायचा बदल) नाही, त्यामुळे तिथे सेगविट ॲड्रेसवर चुकून गेलेली नाणी मायनरने चावीशिवायही सोडवलीत. पण बीटीसीवर सेगविट ऑगस्ट २०१७ च्या शेवटी चालू झालं, म्हणून फूट पडण्याआधीचेच आउटपुट तपासले तर हा गोंधळ येत नाही.

दुसरी खूण सहीची. मे २०२० मध्ये २००९ च्या १४५ ॲड्रेसवरून सही केलेला मेसेज बाहेर आला, स्वतःला सातोशी म्हणवणारा क्रेग राइट खोटारडा आहे आणि या चाव्या त्याच्याकडे नाहीत असं सांगणारा. नाणी जागची हलली नाहीत पण चावी शाबूत आहे हे सिद्ध झालं. असे मेसेज फार नाहीत, पण जे आहेत ते "जिवंत" लेबलसाठी सोन्यासारखे.

बीसीएचवर काही नाही दिसलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, हे स्वतःला बजावून ठेवतोय. ही चाळणी एकाच दिशेने चालते.

१२ ऑक्टोबर

सातोशीचा प्रश्न. संशोधक सर्जिओ लर्नरने २०१३ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये एकाच मायनरचा ठसा आहे: एक्स्ट्रा नॉन्सचा (मायनिंग करताना वाढत जाणाऱ्या जादा मोजणीचा) आकडा एका सरळ चढणाऱ्या रेषेत जातो, आणि नॉन्सचा (मायनर बदलत बसतो त्या आकड्याचा) शेवटचा बाइट ० ते ९ किंवा १९ ते ५८ यातच पडतो, बाकी कुठे नाही. हा पातोशी पॅटर्न, जवळपास २२,००० ब्लॉक, अंदाजे ११ लाख बीटीसी. मी स्वतः प्लॉट काढला, रेषा इतक्या स्वच्छ येतात की बघत बसावं. त्यातले मोजकेच हललेत, पहिला म्हणजे १२ जानेवारी २००९ ला सुरुवातीचा वापरकर्ता हॅल फिनीला पाठवलेले १० बीटीसी.

हे ११ लाख "हरवलेले" का? माझ्या मते या रकमेला स्वतःची वेगळी ओळ हवी. सातोशीने मुद्दाम चाव्या नष्ट केल्या, तो वारला, की बसून आहे, यावर चेनमध्ये एकही पुरावा नाही, आणि ही एक गोष्ट इकडची तिकडे केली की पूर्ण अंदाज ११ लाखांनी हलतो. कुठलाही अंदाज वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, सातोशीला कुठल्या बाजूला धरलंय?

उरलेल्यांचं बघू. जुन्या पद्धतीच्या, थेट सार्वजनिक चावीवर दिलेल्या आउटपुटमध्ये सगळे मिळून १७ लाखांच्या आसपास बीटीसी पडून आहेत, जवळपास सगळे सुरुवातीचं न हललेलं ५० चं बक्षीस. त्यातून पातोशी वजा केला की सहा लाखांच्या आसपास उरतात. हे दुसऱ्या लोकांचे, ज्यांनी २००९-१० मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालू ठेवला, तेव्हा भाव जवळपास नव्हताच, १०,००० बीटीसीला दोन पिझ्झा आले ते मे २०१० ला, आणि डेव्हलपर गेव्हिन अँड्रेसनच्या फॉसेट वेबसाइटवर ५ बीटीसी फुकट मिळायचे. ज्याला काही किंमत नाही त्याचा बॅकअप कोण घेतो? कॉम्प्युटर फॉरमॅट झाले, विकले गेले, फेकले गेले. माझं प्रामाणिक मत, कायमचं नुकसान सगळ्यात दाट कुठे असेल तर या सहा लाखांत.

१९ ऑक्टोबर

मॉडेल. औषधाच्या अभ्यासात वापरतात ते क्युअर मॉडेल घेतलं: लोकसंख्येत दोन गट मानायचे, एका गटाला घटना कधीतरी होणारच, दुसऱ्याला कधीच नाही. इथे घटना म्हणजे नाणं हलणं. वय वाढेल तसा हलण्याचा दर पडत जातो, पण शून्याला टेकत नाही.

भावाची उसळी ही मला चांगली परीक्षा वाटते. डिसेंबर २०१७ ला २०,००० डॉलरच्या जवळ, नोव्हेंबर २०२१ ला ६९,०००, डिसेंबर २०२४ ला १ लाख. प्रत्येक वेळी जुनी नाणी उठतात. जी या तिन्ही वेळा गप्प राहिली, बीसीएचवरही गप्प, त्यांच्यावर संशय वाढवायचा. तरी मॉडेलची एक मर्यादा कुठल्याच डेटाने सुटत नाही: अतिशय संयमी मालक आणि नसलेला मालक यांच्यात फरक करणारी माहिती चेनमध्ये नाहीच. किती टक्के लोक संयमी हे तुम्ही आधी गृहीत धरता आणि उत्तर त्यावर झुलतं. म्हणून मी गृहीतकासकट उत्तर लिहिणार.

२ नोव्हेंबर

इथरियमबद्दल विचारणा आली म्हणून थोडक्यात. तिथे हरवण्याची जातच वेगळी आहे, चावीपेक्षा कोडमुळे जास्त. ६ नोव्हेंबर २०१७ ला कुणीतरी पॅरिटी वॉलेटच्या मल्टिसिगची (अनेक सह्या लागणारं वॉलेट) सामाईक कोड-लायब्ररी स्वतःच्या नावावर घेऊन नष्ट केली आणि ५८७ वॉलेटमधले ५,१३,७७४ इथर (इथरियमची नाणी) गोठले. मालक आहेत, चाव्या आहेत, सही चालते, पण ज्या कोडने पैसे सुटायचे तो कोडच नाही. एप्रिल २०२२ मध्ये आकूड्रीम्स या एनएफटी प्रकल्पाच्या काँट्रॅक्टमध्ये ११,५३९ इथर असेच अडकले. हे मोजायला सोपं कारण कोड वाचून सिद्ध करता येतं. आणि ऑगस्ट २०२१ पासून फीचा जो भाग जळतो तो यात धरू नका, तो ठरवून केलेला नियम आहे. इथरचा पूर्ण हिशोब हा वेगळा प्रकल्प.

९ नोव्हेंबर

हा आकडा नीट असणं का गरजेचं आहे ते लिहून ठेवतो, कारण हे नुसतं कुतूहल राहिलेलं नाही. त्या १७ लाखांची सार्वजनिक चावी चेनवर उघडी पडलीय. पुढे पुरेसा ताकदवान क्वांटम कॉम्प्युटर आला तर उघड्या चावीवरून खाजगी चावी काढता येईल आणि "कायमची हरवलेली" नाणी तिसऱ्याच कुणाच्या खिशात उठतील. जुलै २०२५ मध्ये बिटकॉइन डेव्हलपर जेम्सन लॉप आणि इतरांनी मांडलेल्या प्रस्तावात मुदत देऊन जुन्या सह्या बंद करायची भाषा आहे. म्हणजे जे हलणार नाहीत ते गोठणार. हा निर्णय घेताना कुणी म्हणालं की ही सगळी तशीही मेलेलीच नाणी आहेत, तर त्यातले ते १४५ ॲड्रेस आठवा. ज्यांची चावी शाबूत आहे अशा माणसांचे पैसे एका ढोबळ निकषावर मेलेले ठरवणं मला बिलकुल मान्य नाही.

१६ नोव्हेंबर

लेबलची फाइल तयार. प्रत्येक आउटपुट एकाच ढिगात, म्हणजे हॉवेल्सचे ८००० दुसऱ्या ढिगात मोजले की तिसऱ्यात परत येणार नाहीत. ओळी अशा: सिद्ध, पाच हजारांच्या आसपास. मालकाने सांगितलेले, वरच्या तीन मोठ्या केसेस मिळून २४,०००. पातोशी, ११ लाख, निकाल न देता. पातोशी सोडून सुरुवातीचं न हललेलं मायनिंग, सहा लाखांच्या आसपास, संशय सगळ्यात जास्त. त्यानंतरचं शांत सगळं संशयाच्या पायऱ्या लावून, वय, वॉलेटची पिढी, भावाच्या उसळ्या आणि बीसीएच या चार खुणांवर.

मार्च २०११ मध्ये माउंट गॉक्समधून चोरीला गेलेले जवळपास ८०,००० एका ॲड्रेसवर तेव्हापासून पडून आहेत, ते कुठल्याच ओळीत बसत नव्हते, चोराला हलवायची भीती असणं आणि चोराने चावी हरवणं यात फरक करायला काही नाही. त्यांना "चोरीचे, शांत" अशी स्वतंत्र ओळ दिली. बिटफिनेक्स एक्सचेंजमधून चोरीला गेलेले २०१६ चे १,१९,७५४ पण बराच काळ असेच पडून होते आणि त्यातले ९४,००० २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने जप्त केले.

इथून पुढे रोज रात्री स्क्रिप्ट चालेल. लेबल लावलेलं नाणं हललं तर ते खोडायचं नाही, "उठलेले" यादीत जुन्या लेबलसकट जाईल, म्हणजे कुठलं लेबल किती वेळा खोटं ठरतं ते मोजता येईल आणि संशयाच्या पायऱ्या त्यावरून बदलता येतील. विचित्र स्क्रिप्टची यादी अजून संपलेली नाही, कुणाला स्क्रिप्ट वाचता येत असेल तर हात लावा, विशेषतः २०११ आणि २०१२ च्या ओळींना.